दीड हजारात पावसाळा: घरातल्या व्यायामाच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. अजिंक्यताऱ्याची सकाळची चढण तेव्हापासून बंद आहे. पायवाटेवर शेवाळ, डांबरी रस्त्यावर धुकं आणि धुक्यातून अचानक निघणाऱ्या गाड्या. साताऱ्यात निम्म्या गावाचा व्यायाम म्हणजे किल्ला चढून येणं. किल्ला बंद झाला की मंडळी थेट दिवाळीपर्यंत चहा-भजीवर येतात.

जिमची वर्गणी विचारून आले. तिघांचं मिळून जे सांगितलं त्यात लेकीची वर्षभराची वह्या-पुस्तकं आली असती. तेव्हा घरीच. गणपतीपर्यंत चौघांसाठी मिळून १,५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. चौघं म्हणजे मी, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून पडदे-सोफाकव्हरं शिवणारा नवरा, नववीतली लेक आणि ७६ वर्षांचे आप्पा. जागा हॉलमधली, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये एक सतरंजी मावेल एवढी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमची फरशी म्हणजे खालच्या काकूंचं छत, त्यामुळे घरात उड्या नाहीत.

रोज मोबाइलवर नवा व्हिडिओ लावून करायचं, असं लेकीचं म्हणणं. म्हणजे कंटाळा येत नाही. माझं म्हणणं असं की रोज नवं केलं की आपण पुढे सरकलो का जागेवरच आहोत, ते कळायला मार्ग उरत नाही. शेवटी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच कामं लिहिली: ढकलणं, ओढणं, बसणं-उठणं, ओझं वाहणं आणि दम. ही पाच कायम. बदल करायचा तो त्या कामाच्या आत, आणि एका वेळी एकच. कोन बदला, नाहीतर वेग बदला, नाहीतर वजन. आणि बदलला की निदान दोन आठवडे तोच ठेवा. लेकीने तोंड वाकडं केलं, पण सही केली.

बुधवार, ४ जून

ढकलणं म्हणजे जोर. खर्च शून्य. घरात कुणाला कुठला जोर झेपेल हे ठरवायला आज वजनकाटा काढला आणि संध्याकाळ मजेत गेली.

काट्यावर दोन्ही हात नीट मावत नाहीत, म्हणून वर जेवणाचा पाट ठेवला आणि त्याचे दोन किलो वजा धरले. माझं वजन ६२. जमिनीवर, पाय लांब, अंग सरळ, हात ताठ अशा अवस्थेत पाटावर माझे ४० किलो पडले. गुडघे टेकले तर ३१. काटा-पाट स्टुलावर ठेवून, म्हणजे हात फूटभर उंच केले तर ३५च्या आत-बाहेर. उलट पाय स्टुलावर आणि हात खाली, तर ४३. कोपरं वाकवून खाली गेलं की प्रत्येक वेळी काटा आणखी दोन-चार किलो वर सरकतो. लेकीने तक्ता केला आणि टक्केवारी काढून ठेवली.

म्हणजे स्टुलापासून जमिनीपर्यंत, आणि जमिनीवरून पाय वर घेईपर्यंत, आठ किलोंची चढण घरात फुकट पडली आहे. गुडघे टेकून करणं सगळ्यात सोपं, पण त्यात कंबर ढिली सोडायची सवय लागते. म्हणून आम्ही ते टाळून हात उंच ठेवायचे ठरवलं. ओटा, मग सोफ्याचा हात, मग स्टूल, मग जमीन. आप्पांसाठी भिंत.

वजन वाढवायचं नसेल तेव्हा वेग कमी करायचा. खाली जाताना मनात चार मोजायचे. पटापट पंधरा मारणारी लेक असे सहा मारून सतरंजीवर आडवी झाली.

रविवार, ८ जून

ओढणं अडलं आहे.

घरात ढकलायला जमीन आहे, भिंत आहे, ओटा आहे. ओढायला काहीच नाही. म्हणून घरी व्यायाम करणाऱ्यांची छाती-खांदे होतात आणि पाठ राहून जाते. आमच्याकडे तर पाठ हाच मुद्दा. नवऱ्याचे खांदे मशीनवर बसून पुढे आले आहेत, संध्याकाळी मान वळवताना अख्खा माणूस वळतो.

लेकीला दाराच्या चौकटीत बसवायचा लोखंडी दांडा हवा आहे. आमच्या चौकटी कशा आहेत ते मला माहीत आहे. नामंजूर.

आज जुन्या सुती साडीवर प्रयोग केला. साडी पिळून दोर केला, मधोमध जाडजूड गाठ मारली, गाठ दाराच्या पलीकडे टाकून दार लावून घेतलं. दोन टोकं आपल्या हातात, पाय दाराजवळ, अंग मागे कललेलं, आणि छाती दाराकडे खेचायची. दार पलीकडे उघडणारंच हवं, मग आपण ओढू तसतसं ते चौकटीवर घट्ट बसतं. आपल्याकडे उघडणारं दार असेल तर कडीच्या भरवशावर लटकणं आलं, आणि ते करायचं नाही. पलीकडे उघडणारं आमच्याकडे एकच दार आहे, बेडरूमचं. वर कडीही लावायची, कारण आप्पा न विचारता दार उघडतात.

पाय दाराच्या जितके जवळ तितकं अंग आडवं, तितकं जड. इथेही कोनच. नवऱ्याचं आठ-दहात काम तमाम. खांद्यांच्या मधली जागा पहिल्यांदाच दुखते आहे म्हणाला. दुखू दे.

शनिवार, १४ जून

पंक्चरवाल्याकडून सायकलच्या दोन जुन्या ट्यूब, ४० रुपये. तो पैसे घ्यायलाच तयार नव्हता. कशाला पाहिजेत ते सांगितल्यावर मात्र हसत हसत घेतले.

व्हॉल्व्ह कापून टाकला, ट्यूब उलटी करून आतली पांढरी पावडर धुतली, गॅलरीत वाळत घातली. वापरण्याआधी ताणून उजेडात धरायची. बारीक चिरा दिसल्या तर ती फेकायची, कारण तुटलेली ट्यूब डोळ्यावर येते. खिडकीच्या गजांत ओवली की बसून ओढता येतं, उभं राहून ओढता येतं, कपाळापर्यंत खेचता येतं. डंबेलचं वजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच असतं. रबराचं तसं नाही, जितकं ताणाल तितकं ते जड होत जातं. त्यामुळे सुरुवात सोपी आणि शेवटची वीतभर कठीण, आणि पाठीला नेमकं तिथेच काम हवं असतं. खांदे मागे येतात त्या जागी.

धनुर्विद्येत नवी पोरंही आधी रबरी पट्टाच ओढायला शिकतात, हे लेकीने सांगितलं. २०२३मध्ये बर्लिनला कम्पाउंड प्रकारात जगज्जेती झालेली अदिती स्वामी आमच्या साताऱ्याची. तेव्हापासून इथल्या शाळांतल्या निम्म्या पोरींना धनुष्य हवं असतं. धनुष्याची किंमत विचारल्यावर आमच्या घरात ट्यूबचा मान वाढला.

रविवार, २२ जून

ओझं. नवऱ्याच्या फाटक्या जीन्सचा एक पाय कापला, खालचं तोंड दुहेरी दोऱ्याने शिवलं, वरच्या तोंडाला नाडी. शिवण घरचीच, त्यामुळे मजुरी नाही. शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली वाळू मागून आणली.

पावसाळ्यात वाळू ओली असते हा घोळ. ओली भरली तर कापड कुजतं आणि घरभर वास. गॅलरीत पत्र्यावर पसरली तर दमट हवेत चार दिवस ढिम्म. शेवटी रोज थोडी थोडी करून जुन्या लोखंडी कढईत भाजून घेतली. आप्पांनी विचारलं, चिरमुरे करतेस का?

कोरडी वाळू लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत एकेक किलो भरून, दोनदा चिकटपट्टी मारून अशी पुडकी केली. जीन्सच्या पायात पुडकी घालायची-काढायची. म्हणजे वजन किलो-किलोने वाढतं आणि शिवण उसवली तरी हॉलचं वाळवंट होत नाही. आत्ता आठ किलो.

ही पिशवी धरायला मुद्दाम गैरसोयीची आहे. मूठ नाही, आकार नाही, उचलली की वाळू एका बाजूला पळते. छातीशी कवटाळून बैठका काढल्या तर पोट आपोआप आवळून धरावं लागतं. खांद्यावर एकाच बाजूला घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या तर दुसऱ्या बाजूची कंबर कामाला लागते. अर्ध्या फेरीनंतर खांदा बदलायचा. दळणाचा डबा गिरणीतून तीन मजले वर आणणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही, पण नवऱ्याला होतं.

मंगळवार, १ जुलै

दम. घरात उड्या नाहीत, बाहेर पाऊस, तेव्हा जिना. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत साधारण १२ मीटर.

लेकीने पदार्थविज्ञान काढलं. ६२ किलो, १२ मीटर, म्हणजे सात हजार तीनशे ज्यूलच्या आसपास. शरीर खर्चलेल्या शक्तीतली जेमतेम पाव कामाला लावतं, बाकीची उष्णता होऊन जाते, हे धरून एका चढणीला सुमारे सात कॅलरी. २५ ग्रॅमचा एक कंदी पेढा शंभरच्या घरात. म्हणजे एका पेढ्याला चौदा वेळा गच्ची! गावात पाय ठेवला की हातावर पेढा ठेवणाऱ्या साताऱ्याचं हे गणित कुठल्याच जिन्याने सुटणार नाही. त्यामुळे जिना चढायचा तो छातीच्या भात्यासाठी, पेढे फेडायला नाही.

चढताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन शब्दांनंतर श्वास लागतो तो जास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त जोराची हालचाल सांगते, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंचं काम. आम्ही मोबाइलचा गजर लावत नाही. लेक 'वाटेत पाढे म्हण' सांगते, सत्तावीसच्या पाढ्यात अडखळले की थांबायचं. ते मला एरवीही येत नाहीत, पण असो.

उतरताना सावकाश, कठड्याला हात लावून. गुडघ्यावर खरा मार उतरताना पडतो.

रविवार, ६ जुलै

आषाढी. उपास, साबुदाणा, भगर. फक्त चालणं, तेही विठ्ठल मंदिराच्या रांगेत.

शनिवार, १२ जुलै

आप्पांनी आज सतरंजी ताब्यात घेतली. त्यांचं शिक्षण औंधचं. तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी ते लावले. आप्पा शाळेत गेले तेव्हा संस्थान विलीन झालेलं होतं, पण पटांगणावरचे नमस्कार काही विलीन झाले नव्हते.

आम्ही घालतो ते नमस्कार त्यांना पसंत नाहीत. घाई, गुडघे वाकलेले, आणि हात टेकल्यावर जागा सोडतात. त्यांचा नियम असा की पंजे एकदा जमिनीला लागले की शेवटपर्यंत तिथून हलायचे नाहीत, पायांनी जायचं-यायचं. असे करून पाहिले. मांडीच्या मागची शीर लगेच बोलायला लागली.

पण आमच्या तक्त्याच्या दृष्टीने नमस्काराची खरी गंमत वेगात आहे. एका श्वासाला एक स्थिती असा घातला तर एक नमस्कार जवळजवळ मिनिटभर चालतो आणि ते अंग मोकळं करण्याचं काम होतं. तेच वीस सेकंदांत एक असे बारा घातले तर चार मिनिटांत जिन्याइतका दम लागतो, आणि खालच्या काकूंना पत्ताही लागत नाही. वस्तू तीच. मी तिला तक्त्यावर दोन रकाने दिले. तालमीतले सपाटेही याच जातीचे, जोर आणि बैठक एकाला एक जोडलेली. नवऱ्याला नमस्कारांपेक्षा सपाटे आवडतात, त्यात देव नसून घाम आहे म्हणतो. हे आप्पांच्या माघारी.

आप्पांचं स्वतःचं काम वेगळं आहे. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. खुर्चीवर आधी दोन उशा होत्या, आता एक आहे. आणि ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, दूध तापेपर्यंत. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचं काम आठवड्यातून तीनदा तरी हवंच. रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून उठताना श्वास कोंडायचा नाही. त्यासाठी उठताना मोठ्याने आकडा म्हणायचा. आकडे शेजारपर्यंत ऐकू जातात.

रविवार, २० जुलै

खाण्याची बाजू, थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं. मला ५१-५२ ग्रॅम. पावडरचा डबा आणायचा म्हटलं तर आमचं अख्खं बजेट त्यातच गेलं असतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५च्या आसपास प्रथिनं, पण तेल त्याहून बरंच जास्त, म्हणून मूठभर. फुटाण्यांत २०च्या पुढे. सोयाबीनच्या वड्यांत ५०च्या वर, त्या भिजवून पिळून रश्श्यात टाकल्या की नवरा मटण समजून एक घास खातो आणि मग माझ्याकडे बघतो. अंड्यात सहा. आमटी घट्ट, ताक रोज. हा खर्च किराण्यातला धरला, प्रकल्पातला नाही.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. पहिल्या मजल्यावरच्या लेकीची पहिली मंगळागौर माहेरी, म्हणजे इथेच, १२ तारखेला. आज पार्किंगमध्ये गाड्या सरकवून खेळांचा सराव सुरू झाला. मी सहज म्हणून गेले आणि वर येऊन तक्ता काढून बसले.

फुगडी हे ओढण्याचं काम आहे! इतके दिवस दारं-खिडक्या धुंडाळत होते.

हातांची अढी घालून समोरचीचे पंजे धरायचे, चारही पायांची बोटं जवळजवळ, आणि दोघींनी मागे कलायचं. त्या क्षणी दोघींचं वजन एकमेकींच्या मुठीवर असतं. गिरकीला वेग आला की ओढ आणखी वाढते. पंजा, मनगट, दंड, खांद्यांची मागची बाजू, सगळं ताणलेलं, आणि कंबर सैल सोडली की गिरकी मोडते. साडीच्या दोराला मी कितीही कलले तरी तो मला फिरवत नव्हता. जोडीदारीण आपल्या वजनाची हवी, आणि पकड सुटायची वाटली तर आधी वेग कमी करायचा, हात एकदम सोडायचा नाही. हाताला तेल लागलेलं नको, अंगठ्या काढून ठेवायच्या.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सरावात इतर खेळही तक्त्याच्या नजरेने पाहिले. कोंबडा म्हणजे उकिडवं बसून उड्या. मांड्या पेटतात, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी टाळ्या वाजवाव्यात. बसफुगडी त्याच्याही पुढची: बसल्या बसल्या जोडीने एकेक पाय पुढे फेकायचा. बैठका काढून काढून मी इथपर्यंत आले होते, तरी सुरुवातीला धपकन बसले. गाठोडं होऊन लोळलं की पोटाचं काम. झिम्मा म्हणजे दम आणि ताल एकत्र, कारण टाळी चुकली की सगळ्या ओरडतात. घागर फुंकायला छाती लागते, वरून पायांचा ठेका सोडायचा नाही. आणि प्रत्येक खेळ गाण्याच्या लांबीएवढा, मग थोडी हुश्श, मग दुसरा. जोर लावा, थांबा, पुन्हा लावा. असल्या वर्गाची जिममध्ये वेगळी वर्गणी असते.

जुन्या बायकांना हे काही 'व्यायाम' म्हणून सांगितलं नव्हतं, आणि मीही तसं आता पार्किंगमध्ये सांगत नाही. सांगितलं की निम्म्या जणी उद्यापासून येणार नाहीत.

खालच्या काकू, ज्यांच्या छतासाठी आम्ही दोन महिने मांजरपावलांनी वावरतोय, त्या साठीच्या पुढच्या. पिंग्यात त्यांनी आम्हाला सगळ्यांना बसवलं. माझ्या लेकीला म्हणाल्या, "तुमच्याकडून आवाज येत नाही म्हणून मला वाटलं, तुम्ही सोडलंत."

रविवार, १७ ऑगस्ट

मंगळागौर झाली. खेळ रात्री दीडपर्यंत. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर सगळ्यांच्या नावापुढे 'विश्रांती'.

पैसे मोजले. ट्यूब ४०. उड्यांच्या दोरीसाठी कपडे वाळत घालायची आतून तार असलेली दोरी, ६०. तिला हाताला पाण्याच्या पाइपचे तुकडे, ते घरचे. साधा सुती दोर हलका पडतो, फिरवला की हवेतच मान टाकतो. लांबी मापायची ती अशी: दोरीच्या मधोमध उभं राहायचं, दोन्ही टोकं काखेपर्यंत आली पाहिजेत. उड्या पार्किंगमध्ये, उघडीप असेल त्या दिवशी. चिकटपट्टी ४५. सोसायटीच्या जिन्यातला बंद पडलेला बल्ब बदलला, ९०, कारण अंधारात जिना चढणं मला मंजूर नव्हतं. एकूण २३५.

राहिलेल्या पैशांत दांडा आणूया, असा लेकीचा अर्ज पुन्हा आला. चौकट तीच आहे, त्यामुळे उत्तरही तेच. पाऊस ओसरला की बागेतल्या लोखंडी दांड्याला लटकायला घेऊन जाईन. लटकायला पैसे पडत नाहीत.

तक्ता बघता: नवरा साडीच्या दोराला आता दारापासून वीतभर अंतरावर पाय ठेवून ओढतो. मान एकटी वळते. लेक पाय स्टुलावर ठेवून जोर मारते, सावकाश, चार मोजून. मी जमिनीवर आहे, जून महिन्यात ओट्यावर होते. वजनकाट्यावर माझा आकडा जवळपास तोच, ६१ आणि ६२च्या मध्ये. त्याला मी फार विचारत नाही. पाट ठेवून मोजायला तो बरा आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट

परवा गणपती. हॉलमधली सतरंजीची जागा मखराला गेली, मखर पाच दिवस. तक्ता बेडरूममध्ये हलवला. तिथे दार आणि साडी आहेच. बसणं-उठणं स्वयंपाकघरात, जिना जिथे आहे तिथे. मोदकांसाठी नारळ खोवायची विळी नवऱ्याकडे दिली आहे, ओढण्याच्या रकान्यात लिहू का विचारत होता. नाही लिहिलं.

वाळूच्या पिशवीत दोन पुडकी वाढवली, आता चौदा किलो. आप्पांच्या खुर्चीवरची शेवटची उशी काल निघाली. एक ट्यूब खालच्या काकू घेऊन गेल्या, गौरी जेवल्या की परत देते म्हणाल्या. पंक्चरवाल्याला आणखी दोन बाजूला ठेवायला सांगितलं आहे.